मावशीचा चुकलेला ळ

मावशी, तुझा कूलर अजून गॅलरीतच उभा आहे. तुझ्या भाच्याने तो अकोल्याला न्यायला साफ नकार दिला. भंगारवाला आला, त्याने जाळी उघडली, आतला वाळा हुंगला आणि मला विचारलं, "हा इथे कोण लावायचं?" चेन्नईच्या दमट हवेत पाण्याचा कूलर लावणं म्हणजे खोलीत आणखी थोडी वाफ सोडणं, हे त्यालासुद्धा कळतं. दर उन्हाळ्यात मी तुला हेच सांगत होते. तुझी चादर ओलसर व्हायची, पापड मऊ पडायचे, भिंतीला बुरशी धरायची, आणि तू त्या वाऱ्यासमोर खुर्ची टाकून डोळे मिटून म्हणायचीस, "आहाहा! अकोल्यासारखं वाटून राह्यलं." तो वाद काही मिटला नाही. आता तू उत्तर देणार नाहीस, म्हणजे मी जिंकले. पण कूलर काही मी भंगारात दिला नाही. तेव्हा कोण जिंकलं ते तूच ठरव.

मी तुझ्याकडे आले तेव्हा सिरुसेरीच्या आयटी पार्कातल्या नोकरीला नवीन होते. लांब शहरात, नुंगंबाक्कमला मैत्रिणींबरोबर राहायचे आणि उरलेलं आयुष्य बसमध्ये काढायचे. म्हणून सिरुसेरीच्या पलीकडच्या या गावात खोली शोधत फिरत होते. एका फाटकावर मराठी पाटी दिसली आणि मी घंटा वाजवली. तू दार उघडलंस, मला वरपासून खालपर्यंत पाहिलंस आणि विचारलंस, "कुठली?" मी सांगली म्हटलं. "तिखट खातेस ना? मग ये आत." एवढीच मुलाखत झाली. बरेच महिने मी तुला 'तुम्ही' म्हणत होते. मग एकदा गच्चीवर वाळत घातलेल्या माझ्या कुरडया तू परस्पर तळून खाल्ल्यास, मी चिडून "तू असं कसं केलंस?" म्हणाले, आणि तू खूश होऊन म्हणालीस, "आता कशी घरातली झालीस."

इथे तुझी ओळख 'फळ्यावरची पाट्टी' अशी होती. पाट्टी म्हणजे आजी. सारा जन्म रेल्वेच्या हिशेब खात्यात गेला, बोलण्यापुरती तमिळ तेव्हाच आली होती. पण अक्षरं तू शिकलीस निवृत्त झाल्यावर, पहिलीचं पुस्तक विकत आणून. आणि शिकलीस तर ती वापरायलाच हवीत, असा तुझा खाक्या. पंचायतीची पत्रकं कचेरीच्या भिंतीवर एकावर एक चिकटवलेली असायची. पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, कुठे रस्ता खणलाय. कोणी वाचायचं नाही. वाऱ्याने पडली की शेळ्या खायच्या. तू थेट पंचायतीच्या अध्यक्षांकडे गेलीस. अमुदा, चाळिशीची बाई, स्कूटरवरून गावभर फिरणारी, आवाज असा की तिला माइक लागत नाही. तू तिला म्हणालीस, मला बसथांब्याजवळच्या भिंतीवर एक फळा रंगवून दे, मी रोज बातम्या लिहिते. ती म्हणाली, "पाट्टी, तुझी तमिळ वाचून लोक गाव सोडून जातील." तरी फळा रंगवून दिला.

अमुदाला वाटलं तेवढं वाईट झालं नाही. लोक उलट थांबायला लागले. कारण तुझी तमिळ. त्या भाषेत आपल्यासारखा ल आहे, ळ आहे, आणि त्यापलीकडे जीभ पार मागे नेऊन म्हणायचा आणखी एक ळ आहे. तुझ्या खडूला हे तिघे कायम सारखेच वाटले. कडक उन्हामुळे शाळा आठवडाभर उशिरा उघडणार, असं तुला लिहायचं होतं. शाळेला 'पळ्ळी' म्हणतात, तू 'पल्ली' लिहिलंस, म्हणजे पाल. पाल आठवडाभर उशिरा उघडणार, हे वाचून बसमधली माणसं खिडकीतून वाकून हसत होती. कंडक्टरने खाली उतरून फोटो काढला. तू मात्र कंबरेवर हात ठेवून म्हणालीस, "हसले ना? म्हणजे वाचलं."

आणि तुझ्या बातम्या कामाच्या असायच्या. दुपारी वीज जाणार आहे, आंघोळीचं पाणी आधी तापवू नका, थंडच घ्या. टँकरवाले शाळेच्या वळणावर जोरात येतात, मुलांना हाताला धरून न्या. बसथांब्यावर ताकाचा माठ ठेवलाय, पिऊन पेला धुऊन ठेवा. कुत्र्यांना उन्हात बांधू नका. एकदा तू लिहिलंस की अध्यक्षबाईंनी कबूल केलेला मागच्या गल्लीतला नळ अजून कोरडाच आहे. अमुदा स्कूटरवरून येऊन ते स्वतः पुसून गेली. दुसऱ्या दिवशी तू ते परत लिहिलंस. तिसऱ्या दिवशी नळ आला. त्यानंतर तुम्ही दोघी एकमेकींशी महिनाभर बोलत नव्हतात, पण ती रोज सकाळी फळ्यासमोर स्कूटर हळू करायची, हे मी वरच्या माझ्या खोलीतून पाहिलंय.

आता त्या दिवसाबद्दल.

एप्रिल सरत आला होता, तुमचा अबोला अजून चालूच होता. शाळांना सुट्ट्या लागलेल्या. गावाची एरी, म्हणजे आपला तलाव, अर्ध्याहून खाली गेली होती आणि उघड्या पडलेल्या भागातून माती उपसून लॉऱ्या भरून गेल्या होत्या. ताडांच्या बाजूचे खोल खड्डे पाणी झिरपून पाण्याखाली गेले होते, वरून दिसत नव्हते. तुला ते कळलं तशी तू सकाळीच फळा गाठलास. खड्ड्याला तमिळमध्ये जो शब्द आहे, त्यात तो मागचा ळ येतो. तू साधा ळ लिहिलास. आपल्या कानाला दोन्ही 'कुळी'च. पण साध्या ळचा 'कुळी' म्हणजे आंघोळ कर. तुला लिहायचं होतं, एरीत खड्डा आहे, मुलांनो लक्ष द्या. फळ्यावर उमटलं, एरीत आंघोळ कर, मुलांनो लक्ष द्या.

मुलांनी लक्ष दिलं. त्यांना चूक कळली नव्हती असं मला वाटत नाही. पण सुट्टीत, त्या उकाड्यात, पंचायतीच्या फळ्यावर असा हुकूम आला, तर कोण शहाणपणा करेल?

मी त्या दिवशी घरूनच काम करत होते. गल्ली शांत का, म्हणून गॅलरीत आले, तर टॉवेल खांद्यावर टाकून पोरांची रांग चाललेली. सगळ्यात पुढे समोरच्या घरातली याळिनी, दहा वर्षांची, दोन वेण्या, जिच्या नावातसुद्धा तो मागचा ळ आहे. मी विचारलं, "कुठे निघालात?" ती म्हणाली, "एरीवर, अक्का. पाट्टीने सांगितलंय."

मी खाली धावले. तू कूलरसमोर बसून शेंगा सोलत होतीस. मी म्हटलं, पोरं एरीत आंघोळीला निघालीत, तुझा ळ चुकला असणार, तर आधी माझ्यावरच उखडलीस. "काहून वं, मले काय ळ लिहिता येत नाही?" मग बोट हवेत फिरवून ते अक्षर काढून पाहिलंस. पुन्हा एकदा काढलंस. तुझ्या मांडीवरचं सूप खाली पडलं. तुला असं धावताना मी कधीच पाहिलं नव्हतं. चप्पल नाही, डोक्यावर पदर नाही, छत्री नाही.

बांधावर पोचलो तेव्हा पाण्यात जत्रा भरली होती. तू ओरडत होतीस, बाहेर या, बाहेर या, आणि मुलं हात हलवून तुलाच आत बोलावत होती. तू कितीही जीव तोडून ओरडलीस तरी तुझी तमिळ ऐकून त्यांना हसायलाच यायचं. मग ताडांच्या बाजूला याळिनी एकदम दिसेनाशी झाली. एक हात वर आला, पुन्हा गेला.

मी गुडघाभर पाण्यात गेले आणि तिथेच थांबले. पाय पुढे पडेनात. तुला माहीत होतं, मला पोहता येत नाही. का येत नाही ते तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. नदीचं पाणी जिना चढून घरात येताना मी सांगलीत पाहिलंय. गच्चीवर बसून बोटीची वाट पाहिलीय. आजोबांच्या पुस्तकांचं कपाट पाण्यावर हळूहळू फिरताना वरून दिसत होतं. तेव्हापासून पाणी माझ्याकडे बघत असतं, असं मला वाटायचं. हे तुला सांगायचं राहून गेलं.

तेवढ्यात बांधावर स्कूटर आडवी पडल्याचा आवाज आला. अमुदा होती. तो फळा वाचून ती तुला झाडायला निघाली होती, घरी सापडली नाहीस म्हणून इथे आली होती. तिने काही विचारलं नाही. पदर खोचला, धावत गेली आणि साडीसकट उडी मारली. परत आली ती याळिनीला वेणीला धरून. पोरगी खोकली, पाणी ओकली, भोकाड पसरलं, आणि पहिलं वाक्य बोलली, "माझी नवी चप्पल गेली." अमुदाने तिला छातीशी धरलं आणि मग पाठीत एक धपाटा घातला. बाकीची पोरं तोवर एका रांगेत बांधावर उभी, इतकी शहाणी की शाळेतही कधी नसतील.

मी वळून पाहिलं तर तू बांधावर बसली होतीस. चेहरा लाल, अंगावर घामाचा थेंब नाही. मला म्हणालीस, "तिकिटं काढली का? गाडी लागली फलाटावर." मला वाटलं थट्टा करतेस. तुला ऊन लागलंय हे अमुदाला लगेच कळलं. तिने ओल्या पदराने तुझं डोकं, मान, काखा पुसल्या, पोरांचे सगळे ओले टॉवेल तुझ्या अंगावर टाकले आणि पोरांना वारा घालायला लावलं. रिक्षात तुझं डोकं तिच्या मांडीवर होतं. महिनाभर जिच्याशी अबोला होता, तिच्या.

आरोग्य केंद्रात सलाईन लागल्यावर तू शुद्धीवर आलीस आणि आल्या आल्या भांडायला लागलीस. अकोल्याच्या माणसाला ऊन लागत नाही, म्हणे. नर्स शांतपणे म्हणाली, "अम्मा, तुमच्या अकोल्यात घाम वाळतो. इथे तो वाळत नाही, म्हणून उष्णता अंगातच राहते. ऊन तिथलं वेगळं, इथलं वेगळं." तू माझ्याकडे पाहिलंस. मी कूलरबद्दल एक शब्दही काढला नाही. माझ्या त्या मोठेपणाची तू कधी कदर केली नाहीस.

मग मे महिन्याच्या पहिल्या तारखेची ग्रामसभा. कडुनिंबाखाली मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखे. आम्हाला वाटलं होतं तू जाणार नाहीस. तू काठाची, इस्त्री केलेली साडी नेसून पहिल्या रांगेत बसलीस. कोणी विषय काढायच्या आत उभी राहिलीस आणि तुझ्या त्या तमिळमध्ये म्हणालीस, "ळ चुकला. पोरगी मेली असती. चूक माझी." मागून एक गृहस्थ म्हणाले, बाहेरच्या बाईच्या हातात फळा द्यायलाच नको होता. दोघेतिघे माना डोलवायला लागले. माझे कान तापले, पण मला नीट तमिळ येत नाही, आणि आली असती तरी काय बोलले असते कोण जाणे.

अमुदा उठली. "मी या पंचायतीत आले तेव्हापासून पत्रकं लावतेय," ती म्हणाली. "गाडी हळू चालवा, पाणी जपून वापरा, एरीत जाऊ नका. त्यातलं एक तरी वाचून कोणी तसं वागलंय? ही चुकीचं लिहिते आणि तासाभरात गावची सगळी पोरं एरीत! आता मला सांगा, फळा हिच्याकडून काढून घेऊन देऊ कोणाला?"

आधी याळिनीची आजी हसली. मग सगळा मांडव हसला. मागचे गृहस्थसुद्धा. ठराव झाला की फळा तुझ्याकडेच राहील, पण लिहिलेलं आधी याळिनी तपासेल. त्यावर ती उभी राहून म्हणाली, "पाट्टीला माझं नाव तरी लिहिता येतं का?"

खरी जुंपली ती त्यानंतर, तुझी आणि माझी. एरीचं काय करायचं? मी म्हणत होते, कुंपण घाला, कुलूप लावा. तू म्हणत होतीस, पोरांना पोहायला शिकवा. घरी आलो तरी तेच. तू तव्यावर भाकरी टाकता टाकता म्हणालीस, "आमच्याकडे हंडाभर पाण्यासाठी भांडणं होतात. इथे देवानं एवढं दिलं, अन् तू त्याले कुलूप लावतेस?" मी म्हणाले, "तुझ्याकडे पाणी नाही म्हणून तुला ते प्रेमाचं वाटतं. माझ्याकडे ते न विचारता घरात येतं." तू भाकरी उलटायची थांबलीस. काहीतरी विचारणार होतीस. मग भाकरी करपली, तू माझ्या नावाने ओरडलीस, आणि ते राहिलं.

पंचायतीने शेवटी दोन्ही केलं. ताडांच्या बाजूला खांब रोवून दोर बांधला, लाल फडकी लावली, उथळ बाजू मोकळी ठेवली. काठावर हवा भरलेल्या ट्यूब आणि लांब बांबू कायमचा ठेवला. आणि दर रविवारी सकाळी अमुदा मुलांना पोहायला शिकवायला लागली. तू छत्री घेऊन, ओला पंचा डोक्यावर टाकून काठावर बसायचीस आणि मोठ्याने सूचना द्यायचीस. तुला स्वतःला पोहता येत नव्हतं. अकोल्यात कुठे शिकणार? मला म्हणायचीस, "तू जा वं, मी पाह्यते." मी जायचे नाही. दोन उन्हाळे मी तुझ्या शेजारी बसून काढले.

या उन्हाळ्याच्या शेवटी तू गेलीस, सकाळचा चहा अर्धा ठेवून. बाकी ते सगळं तुला माहीतच आहे. तुला माहीत नाही ते सांगते.

तुझा भाचा विमानाने आला. शिस्तीचा माणूस, पांढरा सदरा. सगळं शांतपणे उरकायचं असं त्याने ठरवलं होतं. फाटकाबाहेर पऱैवाले येऊन उभे राहिले. पऱै म्हणजे आपल्या हलगीसारखंच. इथे पिकल्या वयाचं माणूस गेलं, नातवंडं-पतवंडं पाहून गेलं, की लग्नासारखं वाजवत नेतात. एका म्हाताऱ्याने शंका काढली, पाट्टीला तर मूलबाळच नव्हतं, मग वाजवायचं कसं? तेव्हा याळिनीची आजी गल्लीच्या मध्यभागी येऊन म्हणाली, "आंघोळीला पाठवली होती ती सगळी कोणाची?" म्हातारा बाजूला झाला.

भाचा मला हळूच म्हणाला, "ताई, आमच्यात असं नसतं." मी ते अमुदाला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्यात नसेल. हिच्यात असतं." मी त्याला मराठीत जसंच्या तसं सांगितलं. तो तुझ्याकडे बघत राहिला. डोळे पुसले. मग होकाराची मान हलवली.

काय वाजवलं गं तुला! झेंडूच्या पाकळ्यांनी रस्ता पिवळा झाला. बसने थांबून वाट दिली. बायका वेशीपर्यंतच जातात, मीही तिथवर आले. वळणावर पाहिलं तर मडकं धरलेल्या तुझ्या भाच्याचा उजवा पाय ठेक्यावर पडत होता. त्याला कळत नव्हतं. मी त्याला सांगितलेलंही नाही.

फळा आता याळिनी लिहिते. एकही चूक नसते, म्हणून कोणी थांबत नाही. अमुदा तिला सांगतेय, आठवड्यातून एखादी घाल. याळिनीला ते पटत नाही. बघू, काय ठरतं ते.

आणि परवाच्या रविवारी मी पाण्यात गेले. तुझ्यासाठी वगैरे नाही. इथे पाऊस अजून लांब आहे, सकाळीच अंगाची लाही होत होती, आणि काठावर शेजारी कोणी नव्हतं. अमुदाने मला पाठीवर झोपवलं, पाठीखाली हात धरला आणि म्हणाली, मान सोड. मी सोडेना. सात-आठ पोरं भोवती उभी राहून "अक्का, मान! मान!" करत होती. शेवटी सोडली. कानात पाणी शिरलं, पोरांचा गलका लांब गेला. अमुदाने हात कधी काढून घेतला ते मला समजलंच नाही. खरं सांगते मावशी, त्या वेळी मला तुझी आठवण आली नाही. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. जिना आठवला नाही, कपाट आठवलं नाही. वर पांढरंफटक आभाळ होतं आणि मी तरंगत होते.

मग पाय टेकले, नाकातलं पाणी शिंकरलं आणि तुला सांगायला काठाकडे वळले. म्हणून हे सगळं लिहिलं.